फळी वाकते ती मधोमध

गेल्या पावसाळ्यात माझ्या कंबरेत उसण भरली. काही जड उचलत होतो म्हणावं, तर तेही नाही. पलंगाखाली गेलेला मोजा काढायला वाकलो आणि तसाच राहिलो. ना वर येता येईना, ना खाली बसता येईना. गंमत म्हणजे त्याच्या चारच दिवस आधी लिफ्ट बंद होती म्हणून भरलेला गॅस सिलिंडर दोन जिने चढवला होता. आत सव्वाचौदा किलो गॅस, वर टाकीचं वजन, म्हणजे तीस किलोच्या आसपास. तेव्हा काही झालं नाही. मोज्याने मात्र आडवा केला.

शेजारच्या काकूंनी पायाळू माणूस शोधायला सांगितलं. पायाकडून जन्मलेल्या माणसाने उसण भरलेल्या जागी लाथ मारली की ती उतरते, ही आपल्याकडची जुनी समजूत. आमच्या इमारतीत पायाळू कुणी निघालं नाही, हे माझं नशीब. मग एक्स-रे, गोळ्या, शेक आणि शेवटी एक फिजिओथेरपिस्ट मॅडम. दुखणं ओसरल्यावर त्यांनी पहिला व्यायाम दिला तो असा: "घरी ओटा आहे ना? त्याच्यावर हात टेकवा आणि तिरके उभे राहा. दहा सेकंद."

मला वाटलं होतं प्लँक देतील, म्हणजे हात आणि पायाची बोटं टेकून अंग फळीसारखं ताठ धरायचा तो व्यायाम. तो प्लँकच आहे, हे कळायला दोन आठवडे गेले.

पोटाचा खरा धंदा

सिलिंडर चालला आणि मोजा चालला नाही, असं का, हे आधी समजून घेऊ. प्लँकचं सगळं मर्म त्यातच आहे.

आपल्या पाठीचा कणा म्हणजे एकावर एक रचलेले मणके. मानेत सात, छातीमागे बारा, कंबरेत पाच, आणि खाली एकमेकांना जुळून गेलेलं माकडहाडापर्यंतचं हाड. कंबरेचे पाच मणके सगळ्यांत जाडजूड. पण मागे छातीचा पिंजरा नाही, पुढे तर एकही हाड नाही, नुसतं पोट. प्रयोगशाळेत मृतदेहाच्या कंबरेचा कणा घेऊन, स्नायू काढून फक्त हाडं आणि त्यांना बांधणारे अस्थिबंध ठेवले आणि वरून दाब दिला, तर साधारण ९० न्यूटनला, म्हणजे नऊएक किलो वजनाला तो लचकून बाजूला जातो. फक्त नऊ किलो. आपलं डोकं, दोन्ही हात आणि छाती मिळूनच याच्या तिप्पट-चौपट भरतात. म्हणजे हाडांच्या भरवशावर आपण धड उभेही राहू शकत नाही. मांडवाचा उंच खांब जसा चारी बाजूंनी ताणलेल्या दोरांवर उभा असतो, तसा हा कणा स्नायूंच्या ताणावर उभा आहे. एका बाजूचा दोर ढिला पडला की खांब डुलायला लागतो.

या दोरांच्या सगळ्या संचाला कोअर म्हणतात. मराठीत गाभा म्हणता येईल, पण जिममध्ये आणि दवाखान्यात सगळे कोअरच म्हणतात, तर आपणही तेच म्हणू. कोअर म्हणजे सिक्स-पॅक नव्हे. पोटावरच्या त्या वड्या हा फक्त पुढचा, वरवरचा एक स्नायू. खरी मंडळी आत आहेत. दोन्ही कुशीत तिरके जाणारे थर, पाठीला कण्यालगत मणक्यामणक्याला धरून बसलेले बारके स्नायू, वरून झाकण घालणारं श्वासपटल, खालून कटोरा धरल्यासारखे ओटीपोटाच्या तळाचे स्नायू. आणि या सगळ्यांत आतला, पोटाला पाठीपासून पुढपर्यंत आडवा वेढणारा एक पातळ स्नायू. ट्रान्सव्हर्सस अ‍ॅबडॉमिनिस हे त्याचं भारदस्त नाव. आपण त्याला आतला कंबरपट्टा म्हणू.

हा कंबरपट्टा आवळला की पोटाच्या डब्यातला दाब वाढतो. सायकलच्या ट्यूबमध्ये हवा भरली की तेच पातळ रबर अख्ख्या माणसाचं वजन पेलतं, तसंच हे. हवा कमी असली की खड्ड्यात थेट रिमला दणका. पोटातला दाब कमी असला की दणका मणक्यांना.

ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँड विद्यापीठात पॉल हॉजेस आणि कॅरोलिन रिचर्ड्सन यांनी १९९६ साली एक साधा प्रयोग प्रसिद्ध केला. लोकांना उभं केलं आणि इशारा मिळताच हात वर उचलायला सांगितला. हाताचा स्नायू आणि पोटाचे स्नायू नेमके कधी कामाला लागतात, हे सुईसारख्या बारीक तारा आत घालून मोजलं. निरोगी माणसांत हाताच्या स्नायूच्या आधी तो आतला कंबरपट्टा आवळला गेला. हात अजून हललेलाही नाही आणि कंबर तयार! कंबरदुखीच्या रुग्णांत मात्र तो उशिरा जागा झाला. उशीर झाला म्हणून दुखलं की दुखत होतं म्हणून उशीर झाला, यावर जाणकारांत पुढे बरेच वाद झाले. पण क्रम लक्षात ठेवण्यासारखा आहे: आधी कंबर, मग हात.

मराठीने हे कधीच ओळखलेलं आहे. मोठं काम अंगावर घ्यायचं तर आपण कंबर कसतो. पोती वाहणारा माणूस कंबरेला फडकं घट्ट गुंडाळतो, शेतात वाकून काम करणारी बाई पदर कमरेला खोचून आवळते, बाळंतिणीचं पोट सुती कापडाने बांधतात. ही सगळी बाहेरून दिलेली मदत. आतला पट्टा शिकवला तर तो चोवीस तास बरोबर असतो आणि धुवावा लागत नाही.

आता सिलिंडर आणि मोजा. सिलिंडरला हात घालताना मला ठाऊक होतं की जड आहे. दात आवळले, पोट आवळलं, पाय रोवले, मग उचललं. मोज्याला कोण कंबर कसतं? पट्टा झोपलेला, कणा वाकलेला, शिवाय हात पलंगाखाली तिरका घातलेला. उसण भरायची एवढी एकच वाट आहे असं नाही, पण शिंकताना, चप्पल घालताना, मशीनमधले कपडे काढताना पाठ धरते ती बहुतेक अशीच.

वाकवायचं नाही, वाकू द्यायचं नाही

पोटाचा व्यायाम म्हटलं की डोळ्यांपुढे येतात त्या सिट-अप्स. उताणं झोपायचं, हात मानेमागे, आणि उठून गुडघ्याला कपाळ लावायचं. (शाळेत कान धरून काढायचो त्या उठाबशा वेगळ्या, त्या पायांच्या.) यात पोट कण्याला वाकवण्याचं काम करतं. आणि दिवसभर खुर्चीत, गाडीवर, मोबाइलवर आपण वाकलेलेच असतो. कॅनडाच्या वॉटर्लू विद्यापीठातले स्टुअर्ट मॅकगिल यांनी कण्यावर किती भार येतो हे मोजण्यात अनेक वर्षं घालवली. पाठ पुन्हा पुन्हा वाकवून मणक्यांमधल्या चकत्यांवर दाब आणण्यापेक्षा पाठ सरळ ठेवून पोट कामाला लावा, हा त्यांचा आग्रह. अमेरिकेच्या नौदलानेही शारीरिक चाचणीतून पोटाच्या उठण्या-बसण्याचा प्रकार काढला आणि २०२१ पासून त्या जागी कोपरांवरचा प्लँक आणला.

प्लँक म्हणजे शब्दशः फळी. दोन विटांवर फळी टाका आणि मधे उभे राहा. वाकते कुठे? मधोमध. विटांजवळ काहीच होत नाही. रंगारी परांचीवर उभा राहतो तेव्हा फळी मधे जाड आहे ना, हे आधी पाहतो. शरीराच्या फळीला एक वीट हात आणि दुसरी पायाची बोटं. मधे येते कंबर. गुरुत्वाकर्षण तिला खाली ओढतं आणि पोट म्हणतं, नाही जायचं. एवढंच चाललेलं असतं. काही हलत नाही, म्हणून बघणाऱ्याला वाटतं हा माणूस नुसता पडलाय. पण स्नायू लांबी न बदलता ताणून धरलेले असतात, आणि उभं राहताना, लोकलमध्ये धक्का बसतो तेव्हा, पाण्याची बादली एका हाताने उचलताना पोटाला नेमकं हेच करायचं असतं. वाकवायचं नसतं, वाकू द्यायचं नसतं.

ओटा, पलंग, फरशी

बहुतेक जणांची गाडी इथेच चुकते. व्हिडिओ बघतात, सतरंजी अंथरतात आणि पहिल्याच दिवशी फरशीवर आडवे होऊन घड्याळ लावतात. पंचवीस सेकंदांत कंबरेचा झोपाळा झालेला असतो. पोट कधीच सुटलेलं, आता सगळा भार कंबरेच्या मणक्यांवर लोंबतोय आणि माणूस दात ओठ खात साठ सेकंद पुरी करतोय. दुसऱ्या दिवशी कंबर दुखते आणि प्लँक बदनाम होतो.

फरशी ही शेवटची पायरी आहे. आधी भार कमी करायचा, आणि तो कमी करण्याचा सोपा उपाय म्हणजे हात उंचावर टेकवणं. जोर मारण्याच्या पवित्र्यात हातांवर किती भार येतो हे अभ्यासकांनी मोजलेलं आहे. हात फरशीवर असतील तर शरीराच्या वजनाच्या सुमारे ६४ टक्के भार हातांवर येतो, ३० सेंटिमीटर उंचीवर असतील तर ५५, आणि ६० सेंटिमीटरवर ४१ टक्के. गुडघे टेकले तर ४९. सत्तर किलोच्या माणसाला फरशीवर ४५ किलो, आणि पलंगाच्या उंचीच्या थोडं वर गेलं की २९ किलो. स्वयंपाकघराचा ओटा पावणेतीन फुटांच्या आसपास असतो, तिथे आणखी कमी. पटत नसेल तर घरचा वजनकाटा हातांखाली ठेवून बघा. मी एका हाताखाली काटा आणि दुसऱ्याखाली तेवढ्याच जाडीचा जुन्या मासिकांचा गठ्ठा ठेवून पाहिलं. बायकोने हा प्रकार बघितला आणि काही न बोलता बाहेर गेली.

तर ओट्यापाशी उभे राहा. ओटा कोरडा हवा आणि पायांत मोजे नकोत, नाहीतर पाय मागे सरकतात. खांद्याएवढ्या अंतरावर दोन्ही तळहात कडेला टेकवा. एक पाऊल मागे, मग दुसरं, असं करत शरीर तिरकं होईपर्यंत जा. टाचा उचललेल्या असल्या तरी चालतील. डोक्यापासून टाचेपर्यंत एक रेघ. आता तीन गोष्टी, याच क्रमाने.

पहिली, पट्ट्याचं बक्कल हनुवटीकडे वळवा. म्हणजे माकडहाड किंचित आत घ्या, कुत्रं शेपूट पायांत घालतं तसं. कंबरेतली खोलगट कमान त्याने सपाट होते. बऱ्याच जणांना हे जमत नाही, कारण कंबर तिथून हलते हेच त्यांना माहीत नसतं. आधी भिंतीला पाठ लावून उभे राहा, कंबरेमागे हात घाला, आणि त्या हातावर कंबर दाबून पाहा. जमलं, तर तेच ओट्यावर करायचं आहे.

दुसरी, पोट आवळा. आत ओढू नका, आवळा. फोटो काढताना आपण पोट आत घेतो ते नव्हे. लहानपणी मामा गमतीत पोटात बुक्की मारायचा आव आणायचा तेव्हा पोट कसं आपोआप कडक व्हायचं, तसं. आणि पूर्ण जोर नको. चार आण्यांचं काम असेल तर चार आणेच द्या.

तिसरी गोष्ट, श्वास. नवशिका माणूस हमखास श्वास कोंडतो. पोट कडक ठेवायचा तो सोपा चोरमार्ग आहे, आणि त्याने रक्तदाब चढतो. यावर मॅडमनी सांगितलेला उपाय मला फार आवडला: घड्याळ बघू नका, बेचा पाढा म्हणा. मोठ्याने. बे एके बे ते बे दाही वीस, सावकाश म्हटलं तर दहा-बारा सेकंद होतात. पाढा म्हणता येतोय म्हणजे श्वास चालू आहे. साताला आवाज चिरकला तर भार जास्त आहे, पाय थोडे पुढे घ्या. पाढा संपला की उभे राहा, दोन-तीन श्वास घ्या, पुन्हा. असे सहा वेळा, मग मिनिटभर थांबून चार वेळा, मग दोन. झालं. आठवड्यातून तीन-चार दिवस पुरे.

दहाच सेकंद का? स्नायू घट्ट आवळला की त्याच्यातल्या बारीक रक्तवाहिन्याही दाबल्या जातात, प्राणवायूचा पुरवठा घटतो. धडाच्या स्नायूंत ही घट पटकन होते, म्हणून मॅकगिल आठ-दहा सेकंदांपुरतं धरून सोडायला सांगतात. सोडलं की रक्त परत येतं, आणि पुढच्या वेळी पवित्रा पुन्हा पहिल्यासारखा नीट लागतो. एक मिनिटाचा एक वाकडा प्लँक घालण्यापेक्षा दहा सेकंदांचे सहा सरळ घातलेले बरे. शिकायचं आहे ते सरळ राहणं. वाकडं धरून ठेवलं तर शरीर वाकडंच शिकतं.

ओटा सोपा वाटायला लागला की पलंगाची किंवा सोफ्याची घट्ट कड. मग फरशी, पण गुडघे टेकून. यात नितंब मागे काढून बसायचा मोह होतो. तसं नाही, गुडघ्यापासून डोक्यापर्यंत रेघ हवी. मग गुडघे उचलायचे. मनगटं दुखत असतील तर कोपरांवर या, कोपर बरोबर खांद्याखाली. नजर हातांच्या वीतभर पुढे, फरशीवर. समोर टीव्ही बघत प्लँक करणाऱ्यांची मान नंतर दुखते ती उगाच नाही.

स्वतःची पाठ स्वतःला दिसत नाही, ही यातली खरी अडचण. घरात कुणाला तरी फरशी पुसायच्या मॉपचा दांडा पाठीवर आडवा नाही, उभा ठेवायला सांगा, डोक्यापासून माकडहाडापर्यंत. तो तीन ठिकाणी टेकायला हवा: डोक्याच्या मागे, दोन खांद्यांच्या मधे, आणि माकडहाडावर. कंबरेपाशी दांडा आणि पाठ यांच्यामधे तळहात जेमतेम जाईल एवढीच फट. मूठ जात असेल तर कंबर झुकलीय. डोक्याला दांडा टेकतच नसेल तर मान लोंबतेय. माझ्या मुलीने हे काम आनंदाने केलं आणि दर वेळी दांडा घसरला की "बाबा, नापास" म्हणून ओरडली.

थरथर

चौथ्या-पाचव्या वेळी पोट थरथरायला लागतं. पहिल्यांदा मी घाबरलो होतो. स्नायू म्हणजे हजारो तंतू, आणि मेंदू त्यांना गटागटाने कामाला लावतो. एक गट थकला की दुसरा. थकवा वाढतो तशी ही पाळी बदलताना गडबड व्हायला लागते, सगळ्यांची ओढ एका लयीत राहत नाही. तीच थरथर. ती आली म्हणजे व्यायाम लागू पडला असंही नाही आणि धोका आहे असंही नाही. फक्त, थरथर सुरू होऊन कंबर झुकायला लागली की थांबायचं. थरथरतंय तरी रेघ सरळ आहे, तर पाढा पुरा करा.

पहिल्या तीन-चार आठवड्यांत प्रगती झपाट्याने होते आणि आरशात काहीच दिसत नाही. कारण स्नायू अजून वाढलेले नसतात; मेंदूला त्यांना एकत्र हाक मारायची सवय झालेली असते. जुन्या ढोलपथकात नवी पोरं आली की पहिले काही दिवस नुसता गोंगाट असतो. हात तेच राहतात, ठेका जमायला लागतो.

आणि पोटाचा घेर? प्लँकने चरबी जात नाही. एखाद्या जागेचा व्यायाम केला म्हणून त्याच जागेची चरबी कमी होत नाही, आणि स्थिर धरण्याच्या व्यायामात उष्मांकही फार खर्च होत नाहीत. त्यासाठी चालणं आणि ताटाकडे बघणं आलं. कंबरदुखीवरही प्लँक रामबाण नाही. कोअरचे खास व्यायाम आणि साधे नेमाने केलेले इतर व्यायाम यांची दीर्घकाळाची तुलना केली तर फारसा फरक दिसत नाही. प्लँकच्या बाजूने एवढंच म्हणेन की त्याला जागा लागत नाही, पैसे लागत नाहीत आणि पाऊस आडवा येत नाही.

कुशी आणि पाठ

फक्त पुढचा प्लँक करत राहिलो तर मांडवाचा एकच दोर ताणल्यासारखं होईल. कुशीवरचा प्लँक हवाच. कुशीवर पडा, गुडघे वाकवून मागे, कोपर खांद्याखाली, आणि कंबर उचला. गुडघ्यापासून खांद्यापर्यंत रेघ. एका हातात भाजीची जड पिशवी घेऊन चालताना धड पिशवीकडे कलू न देणारे स्नायू हेच. पुष्कळांची एक बाजू दुसरीपेक्षा बरीच कमजोर निघते. माझी डावी.

दुसरा व्यायाम रांगण्याच्या पवित्र्यातला. हात आणि गुडघे टेकलेले. उजवा हात पुढे, डावा पाय मागे, सात-आठ सेकंद, मग उलट. इंग्रजीत याला पक्षी आणि कुत्रा यांचं जोडनाव आहे. दिसायला पोरखेळ. पण कंबर कलंडू न देता तो करून बघा. मॅकगिल यांच्या गाजलेल्या तीन व्यायामांत कुशीवरचा प्लँक आणि हा, असे दोन्ही आहेत.

कुणी थांबावं

उच्च रक्तदाब असणाऱ्यांचा नेहमी गोंधळ होतो. ब्रिटिश जर्नल ऑफ स्पोर्ट्स मेडिसिनमध्ये २०२३ साली २७० चाचण्यांचा एकत्र आढावा आला. विश्रांतीच्या वेळचा रक्तदाब उतरवण्यात स्थिर धरण्याचे व्यायाम सगळ्यांत पुढे होते; सरासरी वरचा आकडा आठ आणि खालचा चार अंकांनी उतरला. बातमी वाचून लोक प्लँकवर तुटून पडले. पण त्यात सरस ठरली होती ती भिंतीला पाठ टेकून घातलेली अर्धी बैठक. शिवाय हा फायदा काही आठवड्यांनंतरचा. पवित्रा धरलेला असताना त्या क्षणी रक्तदाब वाढतोच, आणि श्वास कोंडला तर भलताच. रक्तदाब आटोक्यात नसेल तर आधी डॉक्टरांना विचारा, आणि ओट्याच्या खाली उतरू नका.

बाळंतपणानंतर पोटाच्या मधल्या उभ्या रेषेत दोन्ही बाजूंचे स्नायू एकमेकांपासून लांब गेलेले असू शकतात. प्लँकमध्ये पोटाच्या मधोमध उभी वरवंट्यासारखी उंचवट्याची रेघ फुगून येत असेल, तर तो व्यायाम सध्या तुमचा नाही. आधी उताणं झोपून श्वासाचे हलके व्यायाम, तेही जाणत्या माणसाच्या देखरेखीखाली. हर्निया, पोटाची अलीकडची शस्त्रक्रिया, खांद्याची दुखापत यांनाही हाच नियम. आणि कंबरेतून कळ पायात उतरत असेल, पायाला मुंग्या येत असतील, जोर कमी वाटत असेल तर व्यायाम बंद, दवाखाना सुरू. लघवी-शौचावरचा ताबा सुटणं किंवा जांघेत बधिरपणा येणं म्हणजे तर त्याच दिवशी, त्याच तासाला.

नऊ तास आणि एक वाटी

जगात कोपरांवर सर्वांत जास्त वेळ प्लँक धरण्याचा पुरुषांचा विक्रम २०२३ साली चेक प्रजासत्ताकाच्या योसेफ शालेक यांनी केला: ९ तास ३८ मिनिटं ४७ सेकंद. २०२४ मध्ये कॅनडाच्या डोनाजीन वाइल्ड यांनी वयाच्या ५८ व्या वर्षी साडेचार तास धरला. वाचून थक्क व्हायला होतं. पण आपल्याला एवढा वेळ धरून करायचंय काय? तीस सेकंद न थरथरता, पाढे म्हणत, सरळ राहता आलं की वेळ वाढवू नका. काम अवघड करा. मॅडमचं म्हणणं, विटा काढून घ्या. म्हणजे फळीला चार आधार आहेत, त्यातला एक उचला.

आपल्या तालमीत हे वेगळ्या नावाने चालतच आलंय. जोराचा वरचा पवित्रा म्हणजे हलणारा प्लँकच. सूर्यनमस्कारात दोन्ही पाय मागे जाऊन अंग तिरप्या फळीसारखं होतं तो क्षणही तोच. औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी आपल्या संस्थानातल्या शाळांमधून सूर्यनमस्कार रुजवले, आणि पुढे महाराष्ट्रातल्या किती पिढ्यांनी शाळेच्या मैदानावर ते घातले. मीही घातले. पण आम्ही त्या पवित्र्यात कधी थांबलोच नाही. पुढच्या अंकाच्या घाईत तिथून नुसते घसरून जायचो. आता कधी घातले तर तिथे पाढाभर थांबतो.

सध्या माझं काम असं: फरशीवर, हात सरळ, पाय खांद्यांपेक्षा थोडे जास्त फाकलेले. मुलगी कंबरेवर पाण्याने अर्धी भरलेली आमटीची वाटी ठेवते. मग मी एक हात उचलून विरुद्ध खांद्याला लावतो, खाली टेकवतो, मग दुसरा. हात उचलला की धड त्या बाजूला पडू बघतं, आणि पोटाने ते पडू द्यायचं नसतं. उजवा हात उचलला तर वाटी आता हलत नाही. डावा उचलला की अजून सांडते, आणि थंड पाणी बरोबर कुशीवरून खाली ओघळतं.